महादेव गोविंद रानडे न्यायमूर्ती कसे झाले?



१६ जानेवारी हा न्यायमूर्ती रानड्यांचा स्मृतिदिन आणि १८ जानेवारी ही जयंती. दोन्ही इतके जवळ येतात की आमच्या शाळेत एकच कार्यक्रम होतो. फोटोला हार, दोन-तीन मुलांची भाषणं आणि शेवटी बाईंचे दोन शब्द. भाषणं बहुतेक ठरलेलीच असतात. लहानपणीची बर्फीची गोष्ट, खांबाशी सोंगट्या खेळल्याची गोष्ट, मग विधवाविवाह, प्रार्थना समाज, आणि "एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो."

यंदा भाषणं संपली आणि पाचवीतल्या एका मुलाने हात वर केला. "बाई, न्यायमूर्ती हे त्यांचं पहिलं नाव होतं का?"

सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. त्याचं काय चुकलं होतं? अर्धा तास आम्ही त्या माणसाला न्यायमूर्ती, न्यायमूर्ती म्हणत होतो. ते कोणत्या न्यायालयात होते, तिथे कसे पोचले, त्यांना कोणी नेमलं, यातलं एक अक्षर कुणी बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, माझे आजोबा आज कोर्टात गेलेत. तारीख आहे." शेलूच्या आसपास गेल्या काही वर्षांत जमिनीला भाव आला. इमारती उभ्या राहिल्या आणि घरोघरी सातबारा, मोजणी, हिस्से, दावे हे शब्द मुलांच्या कानावर पडायला लागले. या मुलीच्या आजोबांचा दावा ती बालवाडीत होती तेव्हापासून चालू आहे. कोर्ट म्हणजे तारीख, एवढंच तिला माहीत. तिने पुढे विचारलं, "बाई, जज्ज आपलं ऐकतात का?"

या दोन प्रश्नांसाठी मी हा पाठ तयार केला. आमच्या मुलांना वकील म्हटलं की माथेरान-नेरळचे हुतात्मा भाई कोतवाल आठवतात. न्यायाधीश म्हटलं की डोळ्यांसमोर कुणीच येत नाही. म्हणून यंदा रानडे समाजसुधारक म्हणून थोडे बाजूला ठेवले आणि न्यायाधीश म्हणून शिकवले. तुम्हालाही वर्गात किंवा घरी उपयोगी पडेल म्हणून इथे देत आहे.

१. आधी उच्च न्यायालय समजून घेऊ

पूर्वी मुंबईत राणीचं सुप्रीम कोर्ट वेगळं होतं आणि कंपनी सरकारच्या सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालती वेगळ्या होत्या. १८६१ साली ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि ही सगळी मिळून एक उच्च न्यायालय झालं. मुंबई उच्च न्यायालयाचं काम १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झालं. कोलकाता आणि मद्रास इथली उच्च न्यायालयंही त्याच वर्षीची.

तिथे न्यायाधीश कोण होऊ शकत होता? हा भाग मुलांना नीट समजावून सांगा, कारण सगळी मेख इथेच आहे. कायद्यात लिहिलं होतं की किमान एक तृतीयांश न्यायाधीश बॅरिस्टर हवेत आणि किमान एक तृतीयांश सनदी नोकरीतले, म्हणजे आयसीएस हवेत. बॅरिस्टर व्हायला विलायतेला जावं लागायचं. आयसीएसची परीक्षाही त्या काळी लंडनलाच व्हायची. घरात पैसा नाही आणि समुद्र ओलांडला तर जात वाळीत टाकते, अशा घरातल्या मुलाने काय करायचं? त्याच्यासाठी उरलेल्या जागा. त्यातही दोनच वाटा होत्या. एक, दहा वर्षं मोठ्या न्यायालयात वकिली. दुसरी, खालच्या न्यायालयात ठरावीक दर्जाच्या जागेवर पाच वर्षं न्यायदानाचं काम. नेमणूक राणीच्या नावाने व्हायची आणि राणीची मर्जी असेपर्यंतच टिकायची.

कोलकात्यात १८६३ मध्येच शंभुनाथ पंडित हे पहिले हिंदी न्यायाधीश झाले. मुंबईला पहिला कायम हिंदी न्यायाधीश मिळायला मात्र १८८४ साल उजाडलं. ते होते नानाभाई हरिदास. दार कायद्याने उघडं होतं, पण त्यातून पहिला माणूस आत जाऊन बसायला २२ वर्षं लागली.

२. निफाडचा मुलगा

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला झाला. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानात नोकरीला होते, म्हणून शाळा कोल्हापुरात झाली. चौदा-पंधरा वर्षांचे असताना ते शिकायला मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये आले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ सुरू झालं. १८५९ मध्ये मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली, तीत २१ विद्यार्थी पास झाले. रानडे त्यांतले एक. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक आणि आपले रानडे. म्हणजे ज्या वर्षी मुंबईत उच्च न्यायालय सुरू झालं, त्याच वर्षी त्यात पुढे बसणारा मुलगा बी. ए. झाला. पुढे १८६४ ला एम. ए. आणि १८६६ ला कायद्याची एलएल. बी. वाचून वाचून डोळे इतके बिघडले की आयुष्यभर नजर अधूच राहिली.

कॉलेजातली एक गोष्ट त्यांच्या चरित्रात नेहमी सांगतात. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि मराठ्यांची बाजू उचलून धरली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट रागावले आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. मुलांना ही गोष्ट सांगा, कारण पुढे जे होणार आहे त्याची ही सुरुवात आहे.

३. नोकरीचा फेरा

शिक्षण झाल्यावर रानडे काही काळ सरकारकडे भाषांतराच्या कामावर होते. मग अक्कलकोट संस्थानात कारभारी, मग कोल्हापुरात न्यायाधीश, मग एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. हो, आपल्यासारखे शिक्षकच! १८७१ मध्ये त्यांनी ॲडव्होकेटची परीक्षा दिली आणि पास झाले. आता मुंबईत वकिली केली असती तर पैसा भरपूर होता. पण त्यांनी सरकारी न्यायखात्यातली नोकरी घेतली. त्याच वर्षी पुण्याला पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. लोक त्याला सबजज्ज म्हणायचे. वय होतं २९.

इथून उच्च न्यायालय किती लांब होतं? २२ वर्षं.

४. बदली

शिक्षकांना बदली हा शब्द समजावून सांगायची गरज नाही! पण रानड्यांच्या बदल्या साध्या नव्हत्या.

पुण्यात आल्यावर रानडे कोर्टाचं काम करून उरलेल्या वेळात सार्वजनिक सभेचं काम पाहू लागले. सभा १८७० साली स्थापन झाली होती. शेतकऱ्यांचे सारे, दुष्काळ, कायदे या विषयांवर सभा सरकारला अर्ज करायची. त्यामागचा अभ्यास बराचसा रानड्यांचा असायचा. सरकारी नोकर असल्याने त्यांचं नाव पुढे येत नसे, पण सरकारला कळायचं ते कळत होतं. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली.

१८७९ साल आलं. आपल्या रायगड जिल्ह्यातले, पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचं बंड पेटलं. मे महिन्यात पुण्यातल्या बुधवार वाड्याला आणि विश्रामबाग वाड्याला आगी लागल्या. इंग्रज अधिकाऱ्यांना पुण्यातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाचा संशय येऊ लागला आणि रानड्यांचाही आला. बंडाशी त्यांचा काही संबंध नव्हता, तरी त्यांना नाशिकहून धुळ्याला हलवलं. धुळ्यात त्यांची पत्रं फोडून वाचली जात. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात ते दिवस लिहून ठेवले आहेत. बंडवाल्यांच्या नावाने खोटी पत्रंही त्यांच्याकडे यायची. रानडे ती पत्रं सरळ पोलिसांकडे पाठवून द्यायचे. नोकरी सोडा असं सांगणारेही होते, पण त्यांनी सोडली नाही. रोज कोर्टात जायचं, दावे ऐकायचे, निकाल लिहायचे. हळूहळू संशय आपोआप गळून पडला.

मी वर्गात इथे थांबले आणि विचारलं, "तुमच्यावर चोरीचा खोटा आळ आला तर काय कराल?" बहुतेकांनी "भांडू" म्हटलं. एकाने "शाळेतच येणार नाही" म्हटलं. मग एक जण म्हणाला, "रोज येऊन बसायचं, मग कळेलच त्यांना." रानड्यांनी तेच केलं होतं.

५. कागदामागे काय आहे?

हा भाग त्या आजोबांच्या नातीसाठी.

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांचे दंगे सुरू झाले. शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली, त्यांना हवे होते ते कर्जरोखे. ते मिळाले की जाळायचे. का? कारण ज्याला वाचता येत नाही त्याच्या अंगठ्याखाली काय लिहिलंय ते सावकारच ठरवायचा. कोर्टात तो कागद गेला की जज्ज म्हणायचा, अंगठा तुझाच ना? मग दे पैसे.

यावर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांसाठी तो होता. या कायद्याने न्यायाधीशाला कागदाच्या मागे जायची परवानगी दिली. मूळ कर्ज किती, व्याज किती चढवलं, आजवर फेडलं किती, हे सगळं पहिल्यापासून तपासायचं. कर्ज फिटलं नाही म्हणून शेतकऱ्याला तुरुंगात टाकता येणार नाही. गावात सलोखा घडवणारे नेमायचे. कर्जाचे कागद सरकारी नोंदणीदारासमोरच लिहायचे.

कायदा कागदावर चांगला असतो, तो राबवतं कोण यावर सगळं असतं. १८८१ मध्ये रानडे मुंबईला काही काळ मॅजिस्ट्रेट होते. तिथून ते पुन्हा पुण्याला आले आणि त्यांना या कायद्याखाली काम मिळालं. खालच्या कोर्टांची तपासणी करायची, निकाल बरोबर दिलेत का ते पाहायचं. वर्षातले कित्येक महिने फिरती असायची, या तालुक्यातून त्या तालुक्यात. १८८४ मध्ये ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८८५ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांना घेतलं. १८८७ मध्ये शेतकरी कायद्याचे विशेष न्यायाधीश झाले, म्हणजे त्या सगळ्या कामाचे प्रमुख.

पुढे उच्च न्यायालयात बसलेल्या या माणसाने आधी तालुक्याच्या कोर्टात बसून शेतकऱ्यांची खाती वर्षानुवर्षं वाचली होती, हे मुलांच्या मनावर ठसलं पाहिजे.

६. एकच खुर्ची

१८८९ मध्ये नानाभाई हरिदास वारले आणि उच्च न्यायालयातली हिंदी माणसाची ती जागा रिकामी झाली. रानडे तेव्हा ४७ वर्षांचे होते, न्यायखात्यात १८ वर्षं काढलेले. जागा मिळाली काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांना. तेलंग ३९ वर्षांचे, मुंबईतले नामांकित वकील, संस्कृतचे मोठे पंडित. ते वकिलीच्या वाटेने गेले. दोघे एकमेकांना मानणारे होते आणि तेलंगांची लायकी कुणीच नाकारणार नाही. पण मुलांनी विचारलंच, "मग रानड्यांना पण का नाही घेतलं? दोघांना घ्यायचं ना!"

बरोबर प्रश्न आहे. तेव्हा एका हिंदी माणसाची जागा दुसऱ्या हिंदी माणसाला, असाच शिरस्ता दिसतो. एक गेला की दुसरा. १ सप्टेंबर १८९३ रोजी तेलंग अवघ्या ४३ व्या वर्षी वारले आणि मग रानड्यांची पाळी आली. मित्राच्या मृत्यूने रिकामी झालेली खुर्ची रानड्यांना मिळाली. अशा नेमणुकीचा आनंद कसा मानायचा, हा प्रश्न मोठ्या मुलांना जरूर विचारा. १८९५ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी न्यायाधीश झाले, तेव्हा कुठे मुंबईच्या त्या न्यायालयात दोन हिंदी न्यायाधीश एकाच वेळी बसू लागले.

७. नोव्हेंबर १८९३

नेमणुकीची बातमी आली तेव्हा पुण्यात आनंद झाला. ठिकठिकाणी सत्कार झाले. ज्या शहरात त्यांच्यावर संशय घेतला गेला त्याच शहराने त्यांना निरोप दिला. वय ५१. पुण्याहून मुंबईला जायचा लोहमार्ग तोच, आपला. बोरघाट उतरायचा, मग कर्जत, नेरळ, शेलू करत कल्याण. घाटातला रस्ता १८६३ पासून सुरू होता. आजही आमची मुलं मधल्या सुट्टीत डेक्कन क्वीन बघायला फाटकाकडे धावतात. मी त्यांना म्हटलं, सबजज्ज रानडे याच रुळांवरून न्यायमूर्ती व्हायला गेले. ते वाक्य मुलांना फार आवडलं.

उच्च न्यायालयात ते सात वर्षांहून थोडे अधिक काळ होते. याच काळात त्यांचं मराठ्यांच्या उदयावरचं इंग्रजी पुस्तक आलं, १९०० साली. ज्या विषयाच्या निबंधाने शिष्यवृत्ती गेली होती, तोच विषय! १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी न्यायालयात त्यांचा गौरव केला. त्यांच्या जागी नारायण गणेश चंदावरकर आले.

८. हेही सांगावं

थोर माणूस शिकवताना आपण फक्त उजेडाची बाजू सांगतो. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पण १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्याच रमाबाई. लोकांनी तेव्हा खूप टीका केली, ती खोटी नव्हती. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवलं आणि त्या स्वतः मोठ्या कार्यकर्त्या झाल्या, हेही खरं. कोर्टात दुसऱ्याचा निकाल लावणारा माणूस घरात कमी पडू शकतो. खांबाशी सोंगट्या खेळताना खांब जिंकला तर हरलो म्हणून कबूल करणारा छोटा महादेव मुलांना आवडतो. मोठेपणीची ही हार पण त्यांना सांगितली तर आवड कमी होत नाही, असा माझा अनुभव आहे.

९. तेव्हा आणि आता

आज उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्रपती नेमतात. भारताच्या संविधानाच्या कलम २१७ प्रमाणे दहा वर्षं न्यायिक पदावर काम किंवा दहा वर्षं उच्च न्यायालयात वकिली असावी लागते. म्हणजे रानड्यांची वाट आणि तेलंगांची वाट, दोन्ही आजही तशाच आहेत. विलायतेला जायची अट गेली. बॅरिस्टर आणि आयसीएस यांच्या राखीव जागा गेल्या. राणीची मर्जी गेली. न्यायाधीश ६२ वर्षांपर्यंत काम करतो आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केल्याशिवाय त्याला काढता येत नाही. तालुक्याच्या कोर्टात बसणारा न्यायाधीश परीक्षा देऊन येतो. आपल्या वर्गातली मुलगीही ती परीक्षा देऊ शकते. रानड्यांच्या काळी ते शक्य नव्हतं.

१०. वर्गात काय घेता येईल?

- व्हरांड्यात खडूने बारा स्टेशनं काढा : निफाड, कोल्हापूर, मुंबई, अक्कलकोट, कोल्हापूर, मुंबई, पुणे, नाशिक, धुळे, मुंबई, पुणे, मुंबई. प्रत्येक स्टेशनवर एक मूल उभं राहील आणि तिथे रानडे काय करत होते ते एका वाक्यात सांगेल.
- महाराष्ट्राच्या नकाशात ही गावं शोधा. अंतर मोजा.
- वजाबाकी : १८७१ ते १८९३ किती वर्षं? १८६२ ते १८८४ किती वर्षं? दोन्ही उत्तरं सारखी येतात, मुलांना गंमत वाटते.
- शब्द : दावा, निकाल, कर्जरोखा, सलोखा, दुय्यम न्यायाधीश, नेमणूक. घरी विचारून प्रत्येकाचं एक वाक्य.
- छोटं नाटुकलं : सावकार, शेतकरी, न्यायाधीश. न्यायाधीशाने निकाल देण्याआधी दोघांना तीन-तीन प्रश्न विचारायचेच. प्रश्न मुलांनी तयार करायचे.

नाटुकल्यात न्यायाधीश व्हायला सगळ्यात आधी हात वर केला तो मागच्या बाकावरच्या त्या मुलीने. तिने शेतकऱ्याला विचारलं, "तुम्ही किती पैसे घेतले होते? किती दिले? कागद वाचून कोणी दाखवला होता का?" तिसरा प्रश्न मी सांगितलेला नव्हता.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी काय दिलं? जज्ज आपलं ऐकतात का, असं तिने विचारलं होतं. मी तिला सांगितलं, ऐकणं हेच त्यांचं काम आहे. उशीर होतो, फार होतो, तेही खरं आहे. पण बाळा, आजोबांना सांग, प्रत्येक तारखेला जा आणि सगळे कागद बरोबर ने, आधीचे, नंतरचे, सगळे. दुसऱ्या दिवशी ती येऊन म्हणाली, "बाई, आजोबा म्हणाले पुढची तारीख मार्चमध्ये. आणि ते म्हणाले, तो शेतकऱ्यांचा कायदा कोणी केला होता ते पुन्हा सांगायला सांग." पाठ घरापर्यंत पोचला, एवढं मला पुरलं.

तुमच्या शाळेत हा पाठ घेतलात तर मुलांनी काय काय प्रश्न विचारले ते मला जरूर कळवा. पालकांनीही घरात चालू असलेल्या दाव्याबद्दल मुलांशी दोन शब्द बोलावेत. त्यांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त समजत असतं.